कडब्यावरचं अभिनंदन

गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर माझा चेहरा उताणा पडला आहे. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर छापलेला. उन्हाने गाल निळसर झालेत, ओठ जवळजवळ पुसले गेलेत आणि कपाळावर एक कोंबडी निवांत बसली आहे. वळवाच्या पावसात कडबा भिजू नये म्हणून आबांनी तो वर अंथरलाय आणि कोपऱ्यांवर दगड ठेवलेत. एक कोपरा शेळीने खाल्ला आहे. नेमका विमानाचा.

सांगलीहून सकाळच्या एसटीने आले आणि घरात पाऊल टाकायच्या आधी इथेच येऊन थांबले. खांद्यावरची बॅगही उतरवलेली नाही. बॅगेत एक कागद आहे, तो अजून घरात कुणाला दाखवलेला नाही. तापलेल्या फ्लेक्सचा रबरी वास येतोय आणि त्याच्या खालून सुक्या कडब्याचा गोडसर वास. अक्षरं अजून वाचता येतात. 'उच्च शिक्षणासाठी परदेशात निवड झाल्याबद्दल आमच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे नऊ फोटो, त्यात सर्वांत मोठा आबांचा. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. माझ्या मागे हातात मशाल घेतलेला अमेरिकेतला पुतळा आहे. मी अर्ज केला होता नेदरलँड्सला. पण गावच्या फ्लेक्सवाल्याकडे परदेश म्हणून तेवढाच होता.

आणि हे छापलं तेव्हा माझी निवड झालेली नव्हती.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, सातारा जिल्ह्याच्या अगदी टोकाला. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा लागतो. नदीलगतच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात, आणि माझ्या लहानपणी आमची मळी म्हणजे नुसता ऊस होता. आत शिरलं की आभाळाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसायची. पानांच्या कडा दंडाला कापायच्या आणि अंघोळीच्या वेळी झोंबायच्या. थंडीत गुऱ्हाळ लागलं की शाळेच्या पिवळ्या बसमधून उतरल्यावर घरी न जाता मी थेट तिकडेच पळायची. काहिलीतला रस उकळून वर यायचा, त्यावरचा मळकट फेस काढून टाकायचे, आणि त्या फेसाच्या, धुराच्या, जळक्या चिपाडांच्या वासाने माझा इस्त्रीचा युनिफॉर्म दुसऱ्या दिवशीपर्यंत भरलेला असायचा. इंग्रजी शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. "तुझ्या कपड्यांना कसला वास येतो गं?" मी काही बोलायची नाही. मी शाळेतही काही बोलायची नाही आणि गावातही. शाळेत मी गावाकडची होते आणि गावात मॅडम.

मग मळी पांढरी व्हायला लागली.

आधी उसाचे शेंडे करपले. मग मधेमधे थाळीएवढे पांढरे डाग पडले. ते एकमेकांना मिळत गेले आणि एका हिवाळ्यात सकाळी पाहिलं तर सगळ्या वावरावर कुणी पीठ चाळून ठेवल्यासारखं दिसत होतं. मला ते सुंदर वाटलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी चवड्यांवर बसून त्यावर बोटाने माझं नाव लिहिलं, इंग्रजी वळणदार अक्षरात, आणि बोट चाटून पाहिलं. खारट, आणि मागून कडू. चालताना वरचा पापुद्रा पायाखाली कुरकुरायचा. तो आवाज मला अजून कुठेही ओळखू येईल.

घरात मात्र कुणी 'जमीन गेली' असं म्हणालं नाही. आबा म्हणायचे, "जमीन इसाव्याला हाय." पहिल्या वर्षी म्हणाले, दुसऱ्या वर्षी म्हणाले, दहाव्या वर्षीही म्हणाले. पाहुणे आले की त्यांना नदीच्या वाटेने आणायचे नाहीत, माळाच्या वाटेने आणायचे. तिथे आमचा दीड एकर ऊस अजून उभा होता. ही आमच्या घराची रीत झाली. कुणी ती ठरवली नाही, पण मोडलीही नाही. पाळीवर पाळी पाणी दिलं, निचरा झाला नाही, क्षार वर आले, हे मला पुढे पुस्तकात कळलं. घरात फक्त गप्प बसायला शिकले. ते मला आधीच येत होतं.

माझं आजोळ जत तालुक्यात. मे महिन्यात आई मला तिकडे घेऊन जायची. तिथे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, तापलेली धूळ, ज्वारीची धसकटं आणि टँकरची वाट बघत ओळीने मांडलेल्या घागरी. टँकरचा हॉर्न वाजला की मामी हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून पळायची. करपलेल्या भाकरीचा वास म्हणजे पाणी आलं. एकदा तिथून परत येताना एसटीच्या खिडकीतून आमची मळी दिसली तेव्हा आई स्वतःशीच म्हणाली, "आमच्याकडं पानी न्हाई म्हनून रान पडून. हितं पानी उरावर बसलंय म्हनून रान पडून. मानसानं जावं तरी कुटं?"

कॉलेजसाठी मी सांगलीला आले. विश्रामबागेत एका बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. त्या दिवसांचा वास म्हणजे झेरॉक्सचा कोमट कागद आणि भडंगाची पुडी. ग्रंथालयात दुपारी जेवायच्या सुट्टीत गर्दी नसायची, तेव्हा मी तिथल्या संगणकावर शिष्यवृत्त्या शोधायची. मातीचा अभ्यास करायचा होता. क्षार परत खाली कसे ढकलायचे, हे समुद्र हटवून त्याच जागी शेती करणाऱ्या लोकांकडून शिकायचं होतं. फी, राहणं, खाणं, तिकीट, सगळं देणारी शिष्यवृत्ती मिळाली तरच ते होणार होतं, नाहीतर नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शंभर पानी वहीत मी एकेक नाव लिहायची आणि त्याच्यासमोर लिहायची: वयाची अट, अनुभवाची अट, शेवटची तारीख. बहुतेकांवर काट मारावी लागायची. काही फक्त फी द्यायच्या, काही नुसतं प्रमाणपत्र आणि शुभेच्छा. एखादं नाव काटेतून वाचलं की मी पुडीतला एक शेंगदाणा खायची, स्वतःला बक्षीस म्हणून. दोन वर्षांत फार शेंगदाणे खाल्ले असं नाही.

एका नावापुढे काट मारावी लागली नाही. त्यांना शिफारसपत्र हवं होतं. आमच्या सरांकडे गेले तर ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, "मसुदा तूच करून आण. मी सही ठोकतो." सगळ्यांना ते तसंच सांगायचे, त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मी खोलीवर जाऊन स्वतःचं कौतुक लिहायला बसले. ती वक्तशीर आहे. ती आज्ञाधारक आहे. ती नेमून दिलेलं काम पूर्ण करते. वाचून पाहिलं तेव्हा वाटलं, हे एखाद्या चांगल्या बैलाबद्दलही लिहिता आलं असतं. तरी तेच दिलं. सरांनी सही ठोकली.

तरीही मुलाखतीला बोलावणं आलं. मी घरी फोन केला. अप्पा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून निवृत्त. फोनवर ते आदेश ऐकल्यासारखे ऐकतात. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आबा बसले होते. मी म्हणाले, "फक्त मुलाखतीला बोलावलंय." आबांनी त्यातलं 'बोलावलंय' तेवढं घेतलं.

पुढच्या शनिवारी गावी निघाले. एसटी थांब्याच्या वळणावर आली आणि मी खिडकीतून मला बघितलं. आबांनी स्वतःच्या बांबूंवर, थांब्याच्या अगदी समोर, मला उभं केलं होतं. शेजारची बाई फोटोकडे बघायची, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि उतरले. थांब्याजवळच्या टपरीतून तात्यांनी, म्हणजे पानवाल्यांनी, हात जोडले. "या मॅडम! सत्काराचा नारळ फोडून ठेवलाय बगा!"

घरी आबा ओसरीवर वाटच बघत होते. "कसं दिसतंय?"

"आबा, अजून मुलाखत व्हायचीय."

"आगं हुईल की! बोलावनं काय कुनालाबी येतंय व्हय?"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी बॅग उचलून आत गेले. मळी पांढरी झाल्यापासून आबांनी गावात कुठली गोष्ट छाती काढून सांगितलेली नव्हती.

मुलाखत विश्रामबागेतल्या खोलीतून दिली. पडद्यावर तिघेजण. माझं इंग्रजी त्यांच्याहून वाईट नव्हतं. शाळेने शब्द भरपूर दिले होते, ते तोंडातून काढायचे कसे तेवढं शिकवलं नव्हतं. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ज्या शेताबद्दल लिहिलंय, ते कुणाचं आहे?"

मी म्हणाले, "आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचं."

तोंडातून ते निघालं आणि मला आमची माळाची वाट दिसली. पाहुण्यांना फिरवून आणायची. मी त्या तिघांनाही त्याच वाटेने फिरवून आणलं होतं. पुढच्या प्रश्नांना मी काय उत्तरं दिली, आता आठवत नाही.

नकाराचं पत्र फार सभ्य होतं. मी ते ग्रंथालयात वाचलं, संगणक बंद केला, वही पिशवीत टाकली आणि गावची एसटी धरली. ओसरीवर सगळे होते. मी सांगितलं. आई भाजी निवडत होती, तिचे हात तसेच थांबले.

आबा म्हणाले, "माळाचं दीड एकर काढू. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. पोरगी जानार म्हंजे जानार."

"ते विकलं तर मी जाणार नाही," मी म्हणाले.

"मंग जानार कशी?"

"शिष्यवृत्तीवर. नाहीतर नाही."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं. मंग उद्या सकाळी त्यो फ्लेक्स तरी उतरवून आनतो. लोकं हसाय नगंत."

मला वाटतं, त्या घरात मी मोठ्या आवाजात बोललेला तो पहिला शब्द असेल. "नको!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे, आबा. तुम्ही लावलाय ना? मग राहू दे. मी परत अर्ज करणार आहे. तोवर हसू दे लोकांना."

अप्पांनी घसा साफ केला. म्हणाले, "फौजेत मी दुसऱ्या टायमाला भरती झालो. पयल्यांदा छाती भरली न्हाई. मंग वर्षभर नदीत पवलो." आणि थोडं थांबून, "तवा फ्लेक्स न्हवतं. असतं तर ह्या माझ्या भावानं तवाबी लावलं असतं."

आई आधी हसली. मग आबाही.

त्यानंतरचं वर्ष मी त्या फ्लेक्सखालून काढलं. दर शनिवारी उतरायचं, दर सोमवारी चढायचं. मागच्या गल्लीने थांब्यावर जाता आलं असतं, नाही गेले. पण वरही कधी पाहिलं नाही. नजर बांबूंच्या बुडाशी. त्यामुळे ऋतू मला तिथेच दिसले. पावसाळ्यात बांबूंना हिरवट बुरशी धरली. गणपतीत त्यांच्याभोवती गुलालाचा चिखल झाला. दिवाळीत कुणीतरी बुडाशी पणती ठेवली. कुणी, ते कळलं नाही. ऊसतोड सुरू झाली तशी ट्रॅक्टर वळताना मोळीतला एखादा ऊस तिथे घरंगळायचा. वर फ्लेक्स वाऱ्याने फडफडायचा आणि खाली टपरीतून तात्या विचारायचे, "काय मॅडम, इमान कवा उडतंय? का पंक्चर झालंय?" बाकावरची माणसं हसायची. मी नुसती मान हलवायची. एकदा मागून ऐकू आलं, "लय नाकाची हाय. बोलत न्हाई." बोलत नव्हते हे खरं होतं. एसटीत बसल्यावर मी वही काढायची आणि पुढचं वाक्य लिहायची.

त्या वर्षी सर पुन्हा म्हणाले, मसुदा करून आण. दर रविवारी मळीतली माती तपासून मी वर्षभर ठेवलेल्या नोंदी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. "सर, मी माझं कौतुक लिहिणार नाही. हे काम मी केलंय. तुम्ही बघा आणि तुम्हाला वाटेल ते लिहा. नसेल लिहायचं तर तसं सांगा." सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. चार दिवसांनी पाकीट दिलं. त्यात काय आहे ते त्यांनीच सांगितलं. "फार नाही लिहिलं. ही मुलगी कमी बोलते, पण जे बोलते ते मोजून पाहिलेलं असतं, एवढंच लिहिलंय."

अर्जासोबतच्या निबंधाची सुरुवात मी आईच्या वाक्याने केली. आमच्याकडे पाणी नाही म्हणून, इथे पाणी उरावर बसलं म्हणून. आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं, हे शेत माझ्या घरचं आहे. पाठवण्याआधी तो मी घरी मराठीतून वाचून दाखवला. आबा उठून उभे राहिले.

"घरातली गोष्ट परदेशात सांगनार तू? आपली मळी मेली म्हनून?"

"मेली नाही म्हणूनच जातेय."

"नगं. दुसरं कायतरी लिही."

"आबा, तुम्ही माझं व्हायच्या आधीच सगळ्या गावाला सांगितलंत. मी आपलं होऊन गेलेलं सांगते, तेवढंच."

मी तोच निबंध पाठवला आणि आबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दोन महिन्यांनी मुलाखतीची तारीख आली हे कळल्यावर ते मळीतल्या खोपीची झाडलोट करून आले. मी तिथूनच मुलाखत देणार असं अप्पांना सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं.

भर दुपार होती. खोपीत खुर्ची, खुर्चीसमोर खतांच्या पोत्यांवर फोन. पांढऱ्या केसांच्या बाई त्याच. त्यांना मी आठवत होते की नाही, देव जाणे. त्यांनी विचारलं, "हे शेत कुणाचं?"

मी फोन उचलला, खोपीबाहेर आले आणि त्यांना नदीच्या वाटेने नेलं. "आमचं," मी म्हणाले. पापुद्रा पायाखाली कुरकुरत होता. मी वाकून फोन मातीजवळ धरला, त्यांना तो आवाज ऐकू यावा म्हणून. लांब बांधावर आबा उभे होते, टोपी हातात घेऊन. फोनमध्ये आपण दिसतोय हे कळूनही ते बाजूला सरकले नाहीत.

पुढे गावच्या यात्रेच्या मांडवाला बांबू लागले, आणि फ्लेक्स गुंडाळून घरी आला. निकाल तोवर आलेला नव्हता.

"आगं, कवा आलीस? आन् हितं काय करतीयास उन्हात?" आबा गोठ्याच्या दारात उभे आहेत, हातात वैरणीची पाटी. त्यांच्या मागोमाग आई, आणि अप्पा हातातली चहाची कपबशी सांभाळत.

मी बॅगेतून कागद काढते. तो इंग्रजीत आहे. मी मराठीत सांगते, एकेक करून. फी. राहणं. खाणं. विमानाचं तिकीट. ऑगस्टमध्ये.

"माळाचं रान?" आई विचारते.

"आहे तिथेच राहणार."

अप्पा कपबशी दगडावर ठेवतात आणि मला कडक सलाम ठोकतात. आई डोळ्याला पदर लावते आणि त्याच पदराने माझ्या तोंडावरचा घाम पुसते. आबा मात्र पाटी खाली टाकून खिशातला फोन काढायला लागलेत. "नवा छापू. पंधरा बाय दहाचा! त्यो पुतळा न्हाई, तुज्या त्या हॉलंडचं कायतरी घालाय सांगतो."

"नवा नको, आबा. हाच लावायचा."

"ह्यो? आगं रंग गेलाय. शेळीनं खाल्लाय. कोंबड्या बसत्यात त्याच्यावर!"

"आता मजकूर खरा झालाय ना? मग झालं."

आबा माझ्याकडे बघतात, मग गंजीकडे. मग पुढे होऊन एक दगड उचलतात. दुसरा मी उचलते. कोंबडी कलकलाट करत उडते. आम्ही दोघं तो झटकतो, आणि कडब्याचा भुसा माझ्या छापील केसांतून माझ्या खऱ्या केसांवर पडतो.

फ्लेक्स घेऊन आम्ही थांब्यावर येतो. बांबू नाहीत, म्हणून एक बाजू तिथल्या कडुलिंबाला बांधायची, दुसरी थांब्याच्या खांबाला. आबा दोरी घेऊन पुढे होतात. मी ती त्यांच्या हातातून घेते. थांब्याच्या कट्ट्यावर चढते. दुपारच्या एसटीची वाट बघणारी माणसं बोलायची थांबलीत. मी गाठ मारते, दुसरी मारते, ओढून बघते आणि वर बघते. वर्षभरात पहिल्यांदा. डावीकडच्या गालाला भोक पडलंय, त्यातून कडुलिंब दिसतोय. विमान नाही. पुतळ्याची मशाल विझल्यासारखी फिकी झालीय.

टपरीतून तात्या बाहेर येतात, डोळ्यांवर हात धरून बघतात. "आवं मॅडम, ह्ये तर जुनंच लावलंय की तुमी!"

"व्हय, तात्या," मी कट्ट्यावरूनच म्हणते, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं. "त्येच हाय."